विशीतली चाळिशी

चष्म्याला आपल्याकडे चाळिशी म्हणतात. ह्या एका शब्दानं माझ्या धंद्याचं जेवढं वाटोळं केलं तेवढं दुसऱ्या कुणीही केलं नाही. अहो, चाळिशी म्हणजे चाळीस वर्षं! ती नाकावर ठेवली की चारचौघांत ओरडून सांगितल्यासारखं होतं, बाबांनो, झालो मी म्हातारा. पन्नाशी उलटलेला गडी पोथी हातभर लांब धरायचा, हात पुरेना झाला की पाटावर उभी करून स्वतः मागे सरकायचा, पण चाळिशी घ्यायला तयार नाही. "मला कशाला? माझी नजर अजून घारीची आहे." असेल बाबा घारीची. पण घार पोथी वाचत नाही.

परवा आमच्या आळीतले संपादक घरी आले आणि म्हणाले, दिवाळीच्या अंकासाठी तुमच्या व्यवसायातले काही उद्बोधक अनुभव लिहा. उद्बोधक कसले, डोंबल! खांद्यावर पेटी टाकून गावोगाव चष्मे विकत हिंडणारा माणूस मी. आता गुडघे बोलतात म्हणून कल्याणात घरी बसलोय. पण एक आहे. ज्याला त्याला मी एकच प्रश्न विचारत आलो, "काय दिसत नाही?" आणि ह्या प्रश्नाला माणसं जी उत्तरं देतात ती ऐकून मी कधी कंटाळलो नाही. तेव्हा लिहितो.

धंदा आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मुंबईला एका चष्म्याच्या दुकानात मी भिंगं पुसायला होतो. तिथं जेवढं कळलं तेवढ्यावर बाहेर पडलो. माझ्याकडे एक सागवानी पेटी, आत खण. एका खणात चाळीस वर्षांच्या माणसाची भिंगं, पुढच्यात पन्नास वर्षांच्या, मग साठ. वय वाढेल तसं भिंग पोटाशी फुगतं. झालं शास्त्र! त्या वेळी खेड्यात डोळे तपासणारा डॉक्टर कुठला? गिऱ्हाइकाला वाचता येत असलं तर हातात पोथी द्यायची, नसलं तर सुईदोरा. बायकांना मी मूठभर तांदूळ द्यायचो आणि त्यात माझ्या पदरचे खडे मिसळून ठेवायचो. खडे निघाले की भिंग बरोबर. कानामागे काड्या नसत, दोरा बांधायचा.

खरी पंचाईत वयाची. वय कुणाला ठाऊक असायचं? एक म्हातारा म्हणाला, "कल्याणला आगगाडी आली तेव्हा मला मिसरूड फुटत होती." त्यावरून मी हिशेब केला. त्याची बायको आतून ओरडली, "खोटं सांगतात! तेव्हा आमचा थोरला रांगत होता!" मी मुकाट्यानं पुढच्या खणात हात घातला.

कल्याण, भिवंडी, टिटवाळा, ठाण्याच्या खाडीकाठची गावं, सगळीकडे फिरलो. खाडीवरच्या एका आगरी आजोबांनी चाळिशी घेतली ती फक्त मासे खाताना लावायला. "वाचाला कोन बसलाय? बोयटाचा काटा दिसत नाय." आणि ती ताटाजवळच, खुंटीवर टांगलेली असायची. दुसऱ्या कुणी घरात ती कशाला लावली तर शिव्या.

पण माझं लाडकं गाव म्हणजे करंजटेप. कल्याणहून मुरबाडाच्या अंगानं बैलगाडीनं जावं, डोंगर अगदी अंगावर यायला लागला की त्याच्या मांडीवर हे गाव. गाव म्हणा की शहर म्हणा, तिथले लोक शहर म्हणायचे, कारण त्यांच्याकडे मंगळवारचा बाजार होता, दोन दुकानं होती आणि एक न्हावी. खाडीचं मीठ लादलेले बैल तिथं विसावा घेत आणि मग घाट चढून वर देशावर जात. वरून मिरची, गूळ, कांदा घेऊन उतरत. ठाकर बायका हिरड्याच्या पाट्या घेऊन येत. बातमीसुद्धा बैलाच्या पाठीवरूनच येई, त्यामुळे ती कधी खारट तर कधी तिखट असायची.

ह्या गावाची एक गंमत मला पहिल्याच पावसाळ्यात कळली. आषाढापासून ढग जे खाली उतरतात ते दारात येऊन बसतात. समोरचा माणूस दिसत नाही, स्वतःचा पायही कधी कधी दिसत नाही. मग चालताना प्रत्येकजण ओरडत जातो. "मी गोविंदा येतोय रं!" "मी ठमी, डोक्यावर हंडा हाय!" असा सगळा गाव चार महिने आपलं नाव सांगत हिंडतो. मी पहिल्यांदा गेलेलो तेव्हा मला वाटलं, इथं सगळ्यांना वेड लागलंय की काय. दुसऱ्या दिवशी मीच ओरडत होतो, "मी चाळिशीवाला!" आणि धुक्यातून कुणीतरी उत्तर दिलं, "आम्हाला नको!"

तिथल्या न्हाव्यानं मला एकदा खुणेनं मागल्या दारी बोलावलं. त्याला चाळिशी हवी होती, पण दिसणार नाही अशी. मी म्हटलं, बाबा, असली निघाली तर मीच आधी घेईन. तो म्हणाला, "भाऊ, वस्तरा हातात घेऊन चाळिशी लावली तर गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर पळंल." आणि खरोखर पळालं! पुढच्या मंगळवारी त्यानं धीर करून लावली, समोरचा गडी म्हणाला, "म्हंजी आजवर तुला दिसत नव्हतं?" आणि गालाला साबण तसाच घेऊन उठला. तो न्हावी नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

आता भागाबाईची गोष्ट. ह्या अंकासाठी लिहायला बसलो ते खरं तिच्या घरची हकिकत सांगण्यासाठीच.

भागाबाईचा नवरा हिराजी. मिठाचे बैल जिथं उतरत त्या तळाचा मालक, गावात मोठं वजन. दरीपलीकडच्या बैलवाल्यांना हाका मारून मारून त्याचा आवाज असा झालेला की शेजारी बसलेल्या माणसाशीही तो दरीपलीकडे असल्यासारखा बोलायचा. भागाबाई मात्र मऊ. कित्येक वर्षं मी तिच्या मागे होतो, बाई, चाळिशी घ्या, तुमची गोधडी बघा, टाके कुठल्या कुठं चाललेत. ती हसायची, आणि सून आल्यापासून म्हणायची, "माझी सून हाय की सुई ओवायला."

एका मंगळवारी मी बाजारात वडाखाली पेटी उघडतोय, तोच भागाबाई समोर.

"भाऊ, द्या एक चाळिशी."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"सुई ओवणारी चालली माझी," असं म्हणाली आणि तोंडाला पदर लावून तिथंच खाली बसली.

मी पेटी मिटली. मला एक खोड आहे. ज्याचा उलगडा होत नाही त्याच्यामागे मी धंदा टाकून जातो. भागाबाईनं सांगितलं ते असं. सून जानकी, टिटवाळ्याकडची, मुलाला, राघूला दिलेली. लग्नाला दोन वर्षं होत आलेली. पोरगी हाताला सोन्यासारखी. पण माजोरी! सासरा दिसला की सुनेनं डोईवरचा पदर कपाळावर ओढायचा, मान खाली घालून बाजूला व्हायचं, ही सगळ्या गावाची रीत. ही घरात अगदी बरोबर करते. आणि गावात, पाणवठ्यावर, चारचौघांत, सासरा समोरून येतोय तरी डोकं उघडं टाकून ढिम्म चालत राहते. वर डोळे बारीक करून बघते, टवाळी केल्यासारखी. हिराजीनं दोन वर्षं आरडाओरडा केला. उपयोग शून्य.

"आणि गेल्या बाजाराला तर कहर केला वो," भागाबाई म्हणाली. "हे मिठाच्या गोणीवर बसलेले, दुकानदाराचा हिशेब ऐकत. पंचमंडळी बसलेली. ही आली टोपली घेऊन. समोर उभी राहिली आणि ह्यांनाच विचारते, काय वो मीठवाले, भाव काय लावला?"

मला हसू आवरेना. भागाबाईलाही रडता रडता हसू आलं, मग ती आणखीनच रडली. बाजारभर पिकलेला हशा हिराजीच्या वर्मी लागला होता. त्यानं टिटवाळ्याला निरोप धाडला, तुमची मुलगी घेऊन जा, पुन्हा आणू नका. भाऊ गाडी घेऊन आलाय. दुपारचं जेवण झालं की निघणार. एकदा अशी टाकलेली पोर परत कुणी आणत नाही, हे भागाबाईला ठाऊक होतं आणि मलाही.

"तिला दिसत नसेल," मी आपलं म्हणून गेलो.

"दिसत न्हाई? भाऊ, तांदळातली कणी न् कणी दिसते तिला. माझ्या तळव्यात काटा मोडला, ह्या न्हाव्याला सापडला न्हाई, तिनं बघता बघता काढला. हेच म्हणतात हे पण. केसाएवढा काटा दिसतो आणि एवढा थोरला सासरा दिसत न्हाई?"

बिनतोड होतं. मी डोकं खाजवलं.

"लग्न झाल्यापासून अशीच?"

"छे वो! वैशाखात आली, तो अख्खा पावसाळा गुणाची होती. दसऱ्यानंतर माज चढला. गेल्या साली पण तसंच. पावसात गरीब गाय, उघडीप झाली की हे असं."

पावसाळ्यात बरी आणि उघडिपीला माजोरी! हे ऐकून माझे कान टवकारले. पावसाळ्यात धुकं, आणि धुक्यात सगळा गाव आपलं नाव ओरडत चालतो. मी भागाबाईला म्हटलं, चाळिशीचा दोरा नाकाच्या मापानं बांधावा लागतो, घरीच येतो. मापबिप काही लागत नाही. मला ती पोरगी बघायची होती.

ओटीवर तिचं बोचकं बांधून ठेवलेलं. भाऊ गाडीच्या जुवाशी उगाच खाटखूट करत होता. राघू, नवरा, एका कोपऱ्यात कोयत्याला धार लावत बसलेला. धार कधीच झाली होती, तरी लावत होता. आणि जानकी जाता जाता सासूसाठी तांदूळ निवडत होती. सूप उचलून तिनं इतकं जवळ धरलेलं की नाकाचं टोक तांदळाला लागत होतं. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. अशी नाकानं वाचणारी पोरं मुंबईच्या दुकानात मी पाहिली होती. कॉलेजातली.

परक्या पुरुषानं तरण्या सुनेशी बोलायचं नाही, म्हणून मी भागाबाईला म्हटलं, "तिला विचारा, समोरच्या आंब्यावर काय बसलंय?"

जानकीनं आंब्याच्या दिशेनं डोळे बारीक केले. "झाडावरचं दिसतं होय कुणाला?"

"अगं, कावळा न्हाई का? बोंबलतोय मेला!"

"बोंबलतोय म्हणून कळतं ना, आत्याबाई. तुम्हाला दिसतो?" तिनं सासूकडे वळून विचारलं, आणि तो प्रश्न खरा होता हो! "इथनं? कावळा?"

भागाबाईनं माझ्याकडे पाहिलं. त्या पोरीला वाटत होतं, सगळ्या जगाला एवढंच दिसतं. पानं जवळ गेल्यावर दिसतात, माणसं आवाजावरून ओळखतात, ही जगाची रीतच आहे. तिला आंधळी कोणी म्हटलं नव्हतं, कारण जवळचं तिला आपल्या दुप्पट दिसायचं. मला इतकं वाईट वाटलं त्या वेळी, की काय सांगू.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. जानकीनं चटकन् पदर पुढे ओढला, उठून दाराआड झाली. आत आला हिराजी. घरातला वडीलधारा पुरुष आत येताना आधी खाकरतो, म्हणजे सुना सावध होतात.

"बघितलंत?" हिराजी गरजला. "घरात कसा बरोबर पदर येतो! नाटकं सगळी!"

"हिराजीबाबा, तुम्ही खाकरता म्हणून येतो. बाजारात तुम्ही खाकरत नाही."

"बाजारात मी कशापायी खाकरू? खोकला हाय काय मला?"

मी पेटी उघडून तळाच्या खणातून एक जोड काढला. आम्ही त्याला उलटा म्हणायचो. चाळिशीचं भिंग मध्ये फुगीर असतं, ह्याचं मध्ये पातळ आणि कडेला जाड. ज्याला जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही त्याच्यासाठी. मुंबईच्या व्यापाऱ्यानं मालात खपवला होता आणि डोंगरात तो कुणाला विकावा हे मला कधी कळलं नव्हतं.

हिराजीनं तो हिसकावून स्वतःच्या डोळ्यांना लावला. "हॅत्! सगळं बारीक बारीक झालं. डोळे ओढल्यागत होतात. फसवतोस काय रं?" मग राघूनं लावून पाहिला, मग जानकीच्या भावानं, मग तमाशा बघायला जमलेल्या दोन शेजारणींनी. सगळ्यांचं एकमत, भिंग खोटं. मी कपाळाला हात लावला.

"तुमचे डोळे चांगले म्हणून तुम्हाला नाही चालत. तिला लावून बघा की."

आता शेजारणी पुढे सरसावल्या. "चाळिशी? हिला? अजून विशी लागली न्हाई पोरीला!" दुसरी म्हणाली, तरण्या बाईनं चाळिशी लावली तर अंगावर म्हातारपण चढतं, तिच्या मावससासूच्या गावात एकीचे केस पिकले. भागाबाईसुद्धा घाबरली. आला का तो शब्द आडवा! मी चिडलो, आणि चिडलो की माझ्या तोंडून काहीही निघतं.

"अहो, चाळिशी ही ह्या वरच्या खणातली. ही चाळिशी नव्हेच. हिला विशी म्हणतात."

"विशी?"

"विशी. तरण्यांची ती विशी. म्हाताऱ्यांना चालतच नाही, आत्ता बघितलंत ना? हिराजीबाबांचे डोळे ओढले."

शेजारणींनी एकमेकींकडे पाहून माना हलवल्या. खरंच की, हिराजीला नाहीच चाललं. अजूनही करंजटेपात तसल्या चष्म्याला विशी म्हणतात, असं मागे कुणीतरी मला सांगितलं. आयुष्यात मी एवढीच एक भर मराठी भाषेत घातली.

हिराजी मात्र कसलेला गडी. तो म्हणाला, "ठीक हाय. मी पलीकडं तळावर जातो. चार माणसांत उभा राहतो, एकसारखी घोंगडी घेऊन. खाकरणार न्हाई, बोलणार न्हाई, कुणी खूण करायची न्हाई. मला ओळखून पदर घेतला तर राहील इथं. न्हाई घेतला, तर गाडी जुंपा." आणि निघालासुद्धा.

आता मी अडकलो. एकच जोड, तो किती जोराचा हे मलाही ठाऊक नव्हतं. कमी पडला तर? मघापर्यंत पोरीवर नुसता संशय होता. आता नाही ओळखलं तर भर गावासमोर ती खोटी ठरणार, आणि ते माझ्यामुळे. मी भागाबाईला म्हटलं, "राहू द्या का?" ती म्हणाली, "गाडी तर उभीच हाय, भाऊ. आणखी काय जायचंय?"

भागाबाईनं जानकीच्या नाकावर विशी ठेवली, कानामागून दोरा बांधला आणि तिला अंगणाच्या कडेला आणलं. जानकीनं आधी कुंपणाचा खांब घट्ट धरला. आंब्याकडे पाहिलं. मग आंब्याच्या मागे डोंगराकडे, खालपासून वरपर्यंत, हळूहळू मान उचलत. तिचं तोंड लहान मुलासारखं उघडं राहिलेलं.

"तिकडं नको, तळाकडं बघ," भागाबाईनं तिला हलवलं.

तळावर चार पुरुष ओळीनं उभे राहिले. तीच घोंगडी, तीच मुंडाशी. सगळा शेजार जानकीच्या पदराकडे बघतोय. जानकी त्या चौघांकडे बघतेय. पदर जागचा हलेना. शेजारणींची कुजबुज सुरू झाली. तिचा भाऊ गुपचूप बैलांकडे वळला. मी म्हटलं, मेलो!

"दिसत नाही का गं?" भागाबाईनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"दिसतात की," जानकी म्हणाली. "पहिल्याच्या घोंगडीला भोक हाय. दुसरे कान खाजवतात. तिसऱ्याचं धोतर एका बाजूनं भिजलंय. चौथे इकडंच टक लावून बघतायत."

"मग? पदर घे की! उभी काय राहिलीस?"

"पण आत्याबाई," ती अगदी हळू म्हणाली, "ह्यातले मामंजी कंचे?"

भागाबाईला कळेचना. "कंचे म्हंजी? दोन वरसं एका घरात राहतेस!"

"घरात मी मान खाली घालते. बाहेर मला दिसत न्हाई. मी मामंजींचं तोंड कधी बघितलंच न्हाई."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. धंद्यात मुरलेला मी, भिंगाच्या जोराची काळजी करत बसलो, आणि ओळखायचं तर आधी एकदा पाहिलेलं असावं लागतं ही साधी गोष्ट विसरलो. सांगावं कसं तिला? हिराजीची अट होती, कुणी खूण करायची नाही. भागाबाई पदराचा बोळा तोंडात धरून उभी. राघू कोयता खाली टाकून उठला आणि बायकोच्या जवळ येऊन थांबला. आईबापासमोर तो तिच्या इतक्या जवळ कधी उभा राहिला नसेल.

जानकीनं वळून त्याच्याकडे पाहिलं, विशीतून. मग पुन्हा तळाकडे. पुन्हा राघूकडे. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, भरदिवसा नवऱ्याकडे काय बघते ही! राघूचे कान लाल झाले. पण हलला नाही गडी.

"चौथे," जानकी म्हणाली. "नाक ह्यांचंच हाय."

आणि तिनं डोईवरचा पदर दोन्ही हातांनी पुढे ओढला, विशीच्याही खाली आणला, मान घातली आणि बाजूला झाली.

अहो, काय गलका झाला! शेजारणी ओरडल्या, भावानं बैलांच्या पाठी थोपटल्या, आणि मी, कल्याणचा चाळिशीवाला, परक्याच्या अंगणात चक्क नाचलो. भागाबाई सुनेला मिठी मारून हसत होती की रडत होती, देवास ठाऊक. तळावरून हिराजी घोंगडी सावरत आला. येताना खाकरला नाही. भागाबाईनं त्याला सगळं सांगितलं. तोंड कधी बघितलंच नव्हतं पोरीनं, राघूच्या नाकावरून ओळखलं. ऐकताना त्यानं एकदा स्वतःच्या नाकाला हात लावला.

मग तो जानकीपुढे जाऊन उभा राहिला. ती पदर ओढून, मान खाली घालून तशीच.

"पदर वर घे," तो म्हणाला. "माझ्याकडं बघ."

तिनं पदर जरा मागे सारला. मान काही वर होईना.

"वर बघ म्हणतो ना!" हिराजी गरजला. ती आणखीच वाकली.

"अहो, असं ओरडलात तर कशी बघेल ती?" भागाबाई म्हणाली. "दोन वरसं तुम्हीच मान खाली घाल, मान खाली घाल करत होता."

हिराजीनं आजूबाजूला पाहिलं. अंगणात सगळे बघत होतो. मग त्यानं घोंगडी काढून बाजूला टाकली आणि, करंजटेपच्या तळाचा मालक, सुनेच्या पायांसमोर शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून खाली बसला. तिची मान खालीच होती. तिच्या नजरेसमोर आता त्याचा चेहरा आला.

"आता दिसतोय?" त्यानं विचारलं. इतक्या हळू आवाजात तो बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं.

"दिसताय, मामंजी," मान तशीच खाली ठेवून ती म्हणाली.